भट्टीचा उजेड आणि शाळेतील उष्णतामापक

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याभोवती दुर्ग जिल्ह्यात एक मोठे नगर वसले. प्रकाश, रंग आणि उष्णता यांचे नाते किती निकटचे आहे हे दाखविणारी याहून अधिक योग्य जागा मिळणे कठीण.

लोखंड तापू लागले म्हणजे प्रथम ते केवळ उष्णता देते. त्याचा उजेड दिसत नाही. सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे ते काळसर तांबडे, १००० अंशांच्या सुमारास नारिंगी, १२०० अंशांजवळ पिवळे आणि त्याहूनही अधिक तापल्यास पांढरे दिसू लागते. झोतभट्टीतून वाहणारा लोखंडाचा रस सुमारे १५०० अंशांचा असतो. त्यात साधा उष्णतामापक बुडवून पाहण्याची सोय नाही. तरीही विजेने तापविलेल्या तारेच्या उजेडाशी तप्त वस्तूच्या उजेडाची तुलना करून तिचे तपमान दुरूनच सांगणारे उपकरण तयार झालेले आहे. गावचा लोहारही लोखंडाचा रंग पाहूनच घण उचलतो. दोघांचे ज्ञान एकाच जातीचे. एकाजवळ आकडे आहेत, दुसऱ्याजवळ अनुभव.

शाळेचे काम या दोहोंची सांगड घालण्याचे आहे. परंतु आपल्या पुष्कळ शाळांत घडते ते निराळेच. प्रयोग शिक्षकांच्या टेबलावर होतो, मागच्या बाकावरील मुलाला त्यातले काही दिसत नाही, आणि वहीत निष्कर्ष अगोदर लिहून निरीक्षणे मागाहून त्याला जुळवून घेतली जातात. अशा वहीला पूर्ण गुण मिळतात. आमच्या मते हा केवळ अध्यापनातील दोष नव्हे. त्यामुळे मुलांना असत्य लिहिण्याची सवय लागते.

एक साधा प्रयोग घ्यावा. पत्र्याचे दोन सारखे डबे आणावेत. एकाला बाहेरून दिव्याची काजळी धरावी, दुसरा घासून लख्ख करावा. दोहोंत सारखे पाणी भरून, झाकणे लावून ते उन्हात ठेवावेत आणि दर पाच मिनिटांनी तपमान टिपावे. काळा डबा लवकर तापतो, हे मुलांना अपेक्षितच असते. आता दोन्ही डबे रिकामे करून त्यांत सारखेच गरम पाणी शिक्षकांनी भरावे व ते वारा नसलेल्या सावलीत ठेवावेत. कोणता डबा अगोदर निवेल, असे विचारल्यास बहुतेक मुले लख्ख डब्याकडे बोट दाखवितील. उष्णतामापक मात्र काळा डबाच लवकर निवल्याचे दाखवितो. जो पृष्ठभाग उष्णतेचे प्रारण चांगले शोषून घेतो, तोच ते चांगले बाहेरही टाकतो. हा नियम मुलाने स्वतःच्या चुकलेल्या अंदाजातून मिळविलेला असल्यामुळे तो सहसा विसरत नाही.

अनपेक्षित आकड्याचे मोल विज्ञानाच्या इतिहासात वारंवार दिसून आले आहे. १८०० साली विल्यम हर्शेल सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेवून पाहत होता. तांबड्या रंगापलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तेथे पारा सर्वांत वर चढला. तो आकडा त्याने खोडला नाही, म्हणून अवरक्त किरणांचा शोध लागला. १९२१ मध्ये समुद्रप्रवासात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भूमध्य समुद्राच्या निळ्या रंगाचे प्रचलित स्पष्टीकरण तसेच स्वीकारले नाही. त्या विचारातून सुरू झालेले संशोधन २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत पोहोचले. पाण्याच्या पेल्यात दुधाचे दोन-चार थेंब टाकून त्यातून विजेरीचा झोत सोडावा. बाजूने पाहिल्यास पाणी निळसर आणि समोरून पाहिल्यास उजेड तांबूस दिसतो. आकाश निळे व मावळतीचा सूर्य तांबडा का, या प्रश्नाची वाट येथूनच सुरू होते.

अभ्यासक्रम मोठा, वर्गात मुले पुष्कळ आणि परीक्षा डोक्यावर, असा आक्षेप शिक्षक घेतील. तो खोटा नाही. परंतु १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत प्रयोगांवर आधारलेले विज्ञानशिक्षण सुरू झाले, तेव्हा परीक्षाच बदलण्यात आली. मुलांनी पुस्तक जवळ ठेवून उत्तरे लिहावीत आणि प्रयोगही करून दाखवावेत, अशी ती योजना होती. हा उपक्रम २००२ पर्यंत चालला. तो बंद झाला. परंतु सामान्य सरकारी शाळांतील मुले स्वतः प्रयोग करू शकतात, हे त्याने तीस वर्षे दाखवून दिले.

म्हणून आमची सूचना थोडक्यात अशी: चार-चार मुलांच्या गटास एक उष्णतामापक द्यावा. सार्वजनिक ग्रंथालयांनी पुस्तकांबरोबर आरसे, भिंगे व लोलक यांची एक पेटी ठेवावी. सूर्याकडे थेट पाहू नये आणि विस्तवाचे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे, हा नियम कटाक्षाने पाळावा. आणि मुलाला जो आकडा प्रत्यक्ष मिळाला, तोच त्याने वहीत लिहावा. तो पुस्तकाशी जुळला नाही, तर गुण कापण्याऐवजी शिक्षकांनी त्याला प्रयोग पुन्हा करावयास सांगावे. भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला आकडा जुळवून लिहिण्याची सवय परवडत नाही. ती शाळेतच लागू न देणे हे आपले कर्तव्य होय.