औलीचा बर्फ, जोशीमठचे तडे

गढवालमधल्या औलीत पर्यटकांच्या हौसेसाठी स्कीइंगचे केंद्र उभे राहिले. जोशीमठपासून सुमारे चार किलोमीटरचा रोपवे, बर्फ न पडल्यास तो बनवणारी यंत्रे, त्यांना पाणी पुरवायला खास तलावसुद्धा! खालच्या जोशीमठात मोठी बांधकामे नकोत, असे मिश्रा समितीने १९७६ सालीच बजावले होते. जानेवारी २०२३ मध्ये तिथे आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले. सगळे औलीमुळे झाले, असे मी म्हणत नाही. पण संसार उचलून शाळेच्या खोलीत मांडायचा भार कुणावर पडतो, हे आपल्याला सांगायला नको. जवळच्या रेणीत १९७४ साली गौरादेवी आणि बायकांनी जंगल वाचवले. त्यांचा गौरव चालतो, सल्ला नाही. औलीत पुढची वीट रचण्याआधी जोशीमठच्या बायकांना विचारा, आणि ‘नको’ म्हणाल्या तर ऐका.