घरांतील यंत्रें : बिनतारी पेटीचा कारभार

घराच्या मुख्य दाराला कोणत्या बनावटीचें कुलूप लावावें, किल्ल्या किती करवाव्या, त्यांतली एक शेजारीं ठेवावी कीं न ठेवावी, या प्रश्नांवर आपल्या एकत्र कुटुंबांतून पुष्कळ खल होतो. परंतु त्याच घरांत माजघराच्या कोनाड्यांत किंवा टीव्हीच्या मागें जी एक लहानशी पेटी रात्रंदिवस दिवे लुकलुकवीत बसलेली असते, तिची किल्ली कोणाकडे आहे असें विचारलें, तर मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात आणि शेवटीं ‘जोडणी करावयास आला होता त्याला ठाऊक’ असें उत्तर मिळतें. फार तर ती किल्ली थोरल्या चिरंजिवांच्या डोक्यांत असते, आणि चिरंजीव बंगळूरास असतात. बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, परदेशीं असलेल्या लेकीशीं होणारें रविवारचें संभाषण, हें सारें ज्या दारांतून येतें-जातें, त्या दाराची ही अवस्था आम्हांस उचित वाटत नाहीं. पेटीचा कारभार घरांतील निदान दोन माणसांस तरी स्वहस्तें करतां आला पाहिजे. तो आपण समजतों तितका कठीण नाहीं.

या पेटीस राउटर म्हणण्याचा प्रघात आहे. पण वस्तुतः तिच्या पोटांत दोन यंत्रें एकत्र नांदत असतात. बाहेरून आलेली जोडणी घरांतील उपकरणांस वांटून देणारा तो राउटर. आणि तारेवांचून, रेडिओलहरींच्या द्वारें, फोन व संगणक यांच्याशीं बोलणारा तो ॲक्सेस पॉइंट. जुन्या वाड्याच्या जाड भिंतींपुढें या लहरी थकतात, म्हणून माडीवर आणखी एक ॲक्सेस पॉइंट तारेनें जोडून घेणें पुष्कळांस भाग पडतें. दोहोंवरील वायफायचें नांव व परवलीचा शब्द एकच ठेवावा, मात्र चॅनेल निरनिराळे द्यावे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांच्या अंगावर येत नाहींत. ‘मधला मोकळा दिसला’ म्हणून ३ किंवा ४ निवडणारा गृहस्थ दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांस त्रास देतो व स्वतःही त्रास भोगतो.

पेटीशीं बोलण्याची सोपी रीत म्हणजे तिनें स्वतःच दाखविलेलें वेबपृष्ठ. घरच्या जाळ्यास जोडलेल्या फोनवर किंवा संगणकावर ब्राउझर उघडून त्यांत १९२.१६८.१.१ अथवा १९२.१६८.०.१ असा पत्ता इंग्रजी अंकांत लिहावा. नेमका कोणता, तें बहुधा पेटीच्या तळाशीं चिकटविलेल्या कागदावर असतें. हा पत्ता घराबाहेर चालत नाहीं. ‘आमच्या घरीं’ हे शब्द जसे ज्याच्या त्याच्या तोंडीं निराळ्या घराचे वाचक होतात, तसाच हा एक पत्ता लाखों घरांत सुखानें नांदतो.

येथें परवलीचे शब्द दोन आहेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. जाळ्यांत येण्याचा एक. तो पाहुण्यांस सांगावा लागतो. पेटीचा कारभार करण्याचा दुसरा. तो कोणास सांगावयाचा नसतो. पहिला बदलून दुसरा कारखान्यांतून आला तसाच राहूं देणारीं घरें फार. २०१६ सालीं मिराई नांवाचा एक उपद्रवी प्रोग्राम असे सुमारें साठ आयते शब्द घेऊन जगभर कॅमेरे व राउटर यांचीं दारें ठोठावीत हिंडला, आणि अशा अंकित झालेल्या उपकरणांची फौज घेऊन त्या वर्षीं २१ ऑक्टोबरला त्यानें अमेरिकेंतील डाइन ही कंपनी काहीं तास जेरीस आणली. त्यामुळें अनेक नामांकित संकेतस्थळें लोकांस दिसेनाशीं झालीं. ज्यांचीं उपकरणें या कामीं राबलीं त्या घरधन्यांना पत्ताही नव्हता. पुढच्याच महिन्यांत जर्मनींत डॉइच टेलिकॉमच्या सुमारें ९ लक्ष ग्राहकांच्या जोडण्या कोलमडल्या. तेथें दोष आयत्या शब्दाचा नव्हता. कंपनीनें दुरून देखभाल करण्यासाठीं ठेवलेलें द्वार हल्लेखोरांस सांपडलें होतें. तेव्हां परवलीचा शब्द बदलला म्हणजे काम संपलें असें नाहीं. पेटीच्या आंतील फर्मवेअरची नवी आवृत्ति आली कीं ती घेत जावी.

याच पृष्ठावर डब्ल्यूपीएस नांवाची एक सोय असते. ती बंद करावी असें आमचें मत आहे, आणि त्याचें कारण शाळकरी मुलांस गणित म्हणून घालण्यासारखें आहे. या सोयींत आठ आंकड्यांची एक खूण असते. आठ आंकडे म्हणजे दहा कोटी शक्यता. इतक्या कोण पडताळून पाहणार, असें वाटतें. पण शेवटचा आंकडा केवळ तपासणीचा, आधींच्या सातांवरून काढतां येणारा आहे. राहिले सात. त्यांतही पहिले चार बरोबर आहेत कीं चूक, हें यंत्र स्वतंत्रपणें सांगून टाकतें. म्हणजे चारांच्या १०,००० आणि उरलेल्या तिहींच्या १,०००, मिळून ११,००० प्रयत्नांत खूण हमखास सांपडते. स्टेफान फीबॉक या संशोधकानें २०११ च्या डिसेंबरांत हें उघडकीस आणलें. संरक्षणाचा प्रकार निवडतांना डब्ल्यूपीए-३ असल्यास तो, नसल्यास डब्ल्यूपीए-२ घ्यावा; डब्ल्यूईपी हा २००१ सालींच निकामी ठरलेला आहे.

जोडलेल्या उपकरणांची यादीही येथेंच दिसते. कोणी परका आंत शिरला आहे काय, हें पाहण्यास ती उपयोगी. सुनेचा फोन रात्रीं किती वाजेपर्यंत जागा होता हें तींत शोधणारे वडीलधारेही आहेत. त्यांस आमचें सांगणें असें कीं, कारभार हातीं आल्यानें पहाऱ्याचा अधिकार प्राप्त होत नाहीं. शिवाय ती यादी साक्षीस उभी करण्याच्या योग्यतेचीही नाहीं. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून व २०२० च्या आयओएस १४ पासून फोन सामान्यतः आपला खरा उपकरण-क्रमांक न सांगतां बनविलेला क्रमांक सांगतात. यादींत परका दिसणारा फोन घरांतल्याच मुलाचा निघतो, तो यामुळें.

आतां दुसरी रीत. कमांड लाइन, म्हणजे आज्ञा अक्षरांनीं लिहून कळविणें, ही तंत्रज्ञांची विद्या समजून आपण तिच्यापासून दूर राहतों. कंपन्यांनीं दिलेल्या पुष्कळशा पेट्यांत ती ग्राहकास उघडी नसतेही. परंतु ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली ज्या पेट्यांवर चालते, तेथें दोन्ही रीती मिळतात. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीनें विकावयास आणलेल्या एका राउटरांत लिनक्स वापरलेलें होतें. त्याच्या परवान्याच्या अटीमुळें कंपनीस पुढल्या वर्षीं आंतील मजकूर प्रसिद्ध करावा लागला, आणि त्यावरून २००४ सालीं ही प्रणाली उभी राहिली. आपली पेटी तिच्या यादींत आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून मात्र प्रयोग करूं नये. भलतीच आवृत्ति घातल्यास पेटी कायमची मुकी होऊं शकते.

अलीकडच्या विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींत एसएसएच ही आज्ञा आयती असते; तिनें पेटीच्या आंत जातां येतें. परवलीचा शब्द लिहितांना पडद्यावर कांहींच उमटत नाहीं. कळफलक बिघडला असें समजूं नये. तशीच योजना आहे. आंत गेल्यावर ‘यूसीआय शो वायरलेस’ असें लिहिलें कीं बिनतारी जाळ्याची प्रत्येक नोंद ओळीनें समोर येते. यांत वायफायचा परवलीचा शब्दही उघडा असतो, म्हणून या पडद्याचें छायाचित्र कोणास पाठवूं नये. ‘यूसीआय सेट’नें केलेला बदल कच्च्या वहींतला; पेटी बंद झाली कीं तो पुसला जातो. ‘यूसीआय चेंजेस’नें कच्ची वही वाचून पाहावी, ‘यूसीआय कमिट’नें ती पक्क्या वहींत उतरावी, आणि ‘वायफाय रीलोड’नें तिचा अंमल सुरू करावा. वेबपृष्ठावरील ‘सेव्ह’ व ‘सेव्ह अँड अप्लाय’ हीं दोन बटनें हेंच करतात. वही दोहोंचीही एकच. ‘लॉगरीड’ ही आज्ञा आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. कोणतें उपकरण केव्हां आलें, कोणास नकार मिळाला, हें ती वेळेसह सांगते. ही नोंद तात्पुरत्या स्मृतींत असते. त्यामुळें ‘एकदां बंद करून चालू करा’ हा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय रोगाबरोबर रोगाचा पुरावाही पुसून टाकतो.

नित्याच्या कामास वेबपृष्ठ पुरेसें आहे, आणि एका बाबतींत तें अधिक सुरक्षितही आहे. वायफायवरून वायफायचीच मांडणी बदलणें म्हणजे ज्या फांदीवर बसलों तीच तोडणें होय. ओपनडब्ल्यूआरटीचें वेबपृष्ठ, बदलानंतर आपला संपर्क तुटला असें दिसल्यास, थोडा वेळ वाट पाहून पहिली मांडणी परत आणतें. लिहिलेल्या आज्ञेस अशी दया नाहीं. म्हणून ती देतांना संगणक तारेनें जोडून बसावें. उलट, वेबपृष्ठाचें रूप दर आवृत्तींत पालटतें, आणि ‘डावीकडचें तिसरें बटन दाबा’ हें गेल्या वर्षींचें टिपण यंदा निरुपयोगी होतें. आज्ञांच्या पांच-सहा ओळी वहींत लिहून ठेवल्या, तर चिरंजीव बंगळूरास असतांनाही त्यांची बहीण किंवा पत्नी तें काम तसेंच्या तसें करूं शकते.

त्या वहींत पेटीचा पत्ता, दोन्ही परवलीचे शब्द, प्रत्येक ॲक्सेस पॉइंटचा चॅनेल व शेवटचा बदल कोणी कोणत्या तारखेस केला, एवढें असावें. आणि ती दागिन्यांच्या कपाटांत ठेवावी. वेबपृष्ठावर सर्व मांडणीची प्रत उतरवून घेण्याची सोय असते; ती प्रतही दर बदलानंतर घ्यावी. पाहुण्यांसाठीं निराळें जाळें कसें काढावें, हा विषय जागेअभावीं पुढील अंकावर सोंपवितों.