रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणजे टीबी झालाच असं नाही

टीबी रुग्णाच्या घरातल्या कुणाची 'इग्रा' ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली की घर हादरतं. पण ही तपासणी एवढंच सांगते, की टीबीचा जंतू कधीतरी अंगात शिरलाय. तो झोपलेला आहे की जागा, हे तिला कळत नाही. जंतू शिरलेल्या १०० जणांपैकी साधारण ५ ते १० जणांनाच पुढे कधीतरी आजार होतो.

म्हणून डॉक्टर आधी खोकला, ताप, घटलेलं वजन विचारतात, एक्स-रे काढतात, गरज पडली तर थुंकी तपासतात. आजार निघाला तर टीबीचा पूर्ण कोर्स. नाही निघाला तर प्रतिबंधक गोळ्या, रोज घेऊन ६ महिने किंवा आठवड्यातून एकदा असे १२ डोस. आजार असताना नुसत्या प्रतिबंधक गोळ्यांवर भागवलं, तर जंतू औषधाला जुमानेनासा होऊ शकतो.

रुग्णाच्या घरातलं ५ वर्षांखालचं लेकरू आणि एचआयव्हीबाधित यांच्यासाठी या रिपोर्टची वाट बघायची नसते. आजार नाही याची खात्री झाली, की गोळ्या सुरू.

रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणूनही निर्धास्त राहू नये. खोकला दोन आठवडे हटत नसेल तर थुंकी तपासावीच. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.