गोधडीचं एस्टिमेट

हल्ली 'इन्स्पिरेशन' हा शब्द फार बोकाळलाय. फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिलं काम काय, तर पिंटरेस्टवर बोर्ड काढायचा. हॉलसाठी वेगळं इन्स्पिरेशन, बाल्कनीसाठी वेगळं. मग पडद्यांवर वारली, कपाटाच्या दारावर वारली, चहाच्या मगावरसुद्धा वारली. आणि पाहुण्यांना सांगायचं, "आम्हाला ना, ट्रॅडिशनल क्राफ्टची खूप आवड आहे."

आवड असायला माझी ना नाही. माझी तक्रार आहे ती या 'प्रेरणा' नावाच्या प्रकाराबद्दल. प्रेरणा घ्यायला पैसे पडत नाहीत, ही त्यातली गोम आहे.

जून २०२५ मधली गोष्ट आठवत असेल. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळालेला आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या जिल्ह्यांना मिळून. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसच्या कॅंटीनमध्ये जो काही स्वाभिमान उसळला होता म्हणता! पण त्याच मंडळींच्या पायातली 'कोल्हापुरी' रेक्झिनची, आणि घरातला वारली पडदा कुठल्यातरी मिलमध्ये मीटरवर छापलेला. प्राडाने केलं तर चोरी, आपण केलं तर होम डेकोर. असो.

वारलीचंच घ्या. पालघर जिल्ह्यात, डहाणू-जव्हारकडे, हे चित्र मुळात सजावट नव्हतंच. लग्नाच्या वेळी घरातल्या आतल्या भिंतीवर चौक काढायचा. भिंत शेणामातीने सारवलेली, वर गेरू, आणि रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. चौक काढायचा मान सवाशिणींचा. मध्यभागी पालघट देवी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकला मंडळाने पाठवलेले भास्कर कुलकर्णी तिथे पोचले, कागद आणि रंग दिले, आणि जिव्या सोमा म्हसे या माणसाने लग्नाचा प्रसंग नसतानाही रोज चित्रं काढायला सुरुवात केली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. म्हणजे 'भिंतीवरून कागदावर' हा बदल परंपरेतल्याच माणसाने केलेला आहे, आणि मला तो अजिबात खटकत नाही. कला बदलते, बदलू दे की.

खटकतं ते वेगळंच. वारली नाचात तारपा वाजवणारा असतो आणि बाकीचे त्याच्यामागून वळत वळत जातात, सापाच्या वेटोळ्यासारखे. छापील पडद्यावर त्याचं बंद कडं होतं, मधला तारपेवाला गायब, आणि कापड जिथे शिवलंय तिथे एक बाई बरोब्बर अर्धी कापलेली. मी अशी अर्धी बाई निदान तीन घरांत पाहिली आहे. ज्याने चित्र काढलं तो असता तर त्याने हे होऊ दिलं नसतं. पण तो त्या व्यवहारात कुठे नव्हताच.

आता गोधडीकडे येतो, कारण तिथे हा हिशोब मला नीट मांडता येतो.

आमच्या सोसायटीत अधूनमधून गोधड्या शिवणाऱ्या मावशी येतात. तुम्ही घरातल्या जुन्या सुती साड्या, धोतरं काढून द्यायची, त्या थरावर थर लावून हाताने शिवून देतात. (कोल्हापूर-साताऱ्याकडे हिला वाकळ म्हणतात.) आमच्याकडे आजीची पाच लुगडी होती. वापरून वापरून इतकी मऊ झालेली की बोट लागलं तरी फाटतील. तीच तर गंमत आहे. नव्या कोऱ्या कापडाचे चार-पाच थर सुईला झेपत नाहीत आणि अंगालाही टोचतात. जुनं कापड मऊ असतं पण त्यात दम नसतो; तो दम धावदोरा देतो. टाके जवळजवळ घातले की थर सरकत नाहीत आणि विरलेलं कापडही आणखी काही वर्षं काढतं. लेगसी कोड फेकून न देता त्याला नीट बांधून पुन्हा वापरणं म्हणजे काय, हे मी कुठल्या आर्किटेक्टपेक्षा या मावशींकडून जास्त चांगलं समजून घेतलं.

मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "दोरा तुमचा का माझा, दादा?" दोरा त्यांचा, मजुरी धरून बाराशे. आमच्याच विंगमधला एक जण (तोही आयटीतलाच) बाजूला उभा होता. तो म्हणाला, "मावशी, सातशे घ्या, मीपण दोन देतो."

रविवारची दुपार होती. गोधडी शिवून आल्यावर मी मोजपट्टी घेऊन बसलो. सवय, दुसरं काय.

गोधडी सहा फूट बाय साडेचार फूट. धावदोऱ्याच्या दोन रांगांत अंतर साधारण अर्धा इंच. म्हणजे रुंदीत १०८ रांगा, प्रत्येक रांग ७२ इंच. सगळी मिळून ७,७७६ इंच, म्हणजे जवळजवळ २०० मीटर शिवण. अर्ध्या इंचाला एक टाका धरला तर साडेपंधरा हजार टाके. चार-पाच थरांतून सुई घालायची, ओढायची, दोरा संपला की पुन्हा ओवायचा. एका टाक्याला पाच सेकंद धरू. (स्वतः वीस टाके घालून पाहिले, मला पाचच्या दुप्पट लागले आणि रांग गोव्याच्या घाटासारखी गेली.) तर झाले साडेएकवीस तास. थर पसरणं, कडा दुमडणं, टाचणं हे सगळं मी फुकटात सोडलंय. आपल्या भाषेत बोलायचं तर हा निव्वळ कोडिंगचा वेळ, डिझाइन आणि टेस्टिंग धरलेलंच नाही.

बाराशेला साडेएकवीसने भागा. तासाला ५६ रुपये. सातशे दिले तर साडेबत्तीस. वर दोरा त्यांचा.

माझ्या त्या मित्राचं एस्टिमेट क्लायंटने दोन दिवसांनी कमी केलं होतं तेव्हा तो आठवडाभर धुसफुसत होता. "यांना कामाची कल्पनाच नसते," हे त्याचंच वाक्य. बरोबर आहे त्याचं. मग गोधडीच्या वेळी ही कल्पना कुठे जाते? मला वाटतं, आपण बायकांच्या शिवणाला काम समजतच नाही. ती 'माया' असते, 'आजीची ऊब' असते. कवितेसाठी हे छान आहे. पण माया म्हटलं की दर पाडायला सोपं जातं.

यावर मला नेहमीचं उत्तर मिळतं, की असं केलं तर सगळं महाग होईल आणि कोणी घेणारच नाही. मुद्दा खोटा नाही. ज्याला परवडत नाही त्याने छापील पडदा घ्यावा, त्यात लाज कसली? छपाईच्या गिरणीतही माणसंच काम करतात. माझं बोलणं आपल्यासारख्यांशी आहे. आपण दिवाळीला दहा शोभेच्या वस्तू घेतो, त्यातल्या सात पुढच्या दिवाळीला माळ्यावर जातात. त्या दहाच्या पैशात हाताची एक वस्तू येते. घर थोडं रिकामं दिसेल, दिसू दे. आणि ती वस्तू भिंतीवर टांगून ठेवू नका. गोधडी पांघरा, धुवा, पुन्हा पांघरा.

वापर आणि गिऱ्हाईक, दोन्ही हवं. सावंतवाडीच्या गंजिफाचं हेच झालं. दशावतारी गंजिफाचा संच १२० गोल पत्त्यांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. छापील पत्ते आले आणि हाताने रंगवलेले पत्ते खेळायचं लोकांनी सोडलं. कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात ती राजवाड्यात पुन्हा उभी केली, कारागिरांना शिकवून, बसायला जागा देऊन. आजही तिथे पत्ते रंगवले जातात. पण प्रत्येक कलेच्या नशिबी राजवाडा कुठून येणार? बाकीच्यांना आपणच गिऱ्हाईक.

कोकणात जाणार असाल तर तारकर्लीला पळण्याआधी सावंतवाडीत अर्धा दिवस काढा. राजवाडा बघा, चितार आळीत लाकडी खेळणी आणि फळं बघा. दुकानदाराला विचारा हे कोणी बनवलं, किती दिवस लागले. सांगतात हो, आवडीने सांगतात. आमच्या मावशी पुन्हा मे महिन्यात येतो म्हणाल्यात. त्या मित्राची दोन गोधड्यांची कापडं अजून त्याच्याकडेच पडून आहेत. हा हिशोब मी त्याला एक्सेल शीट करून पाठवलाय. अजून रिप्लाय नाही.