वाणाची समीक्षा कोण करणार?

साहित्यकृतीचा निवाडा अखेर वाचक करतो, असे आपण वर्गात शिकवतो. बियाण्याचा निवाडा मात्र बहुधा एकरी उताऱ्यावरच होतो. 1964 मध्ये सीएसएच-1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. उत्पादन वाढले, पण 'हायब्रीड'ची भाकरी अनेक घरांत नावडतीच राहिली. पावसात सापडलेला दाणा काळा पडे, ते वेगळेच. रब्बीत मात्र मोहोळची जुनी मालदांडी टिकली. तिची भाकरी मऊ होते आणि कडबा जनावरे आवडीने खातात. ही कसोटी चुलीपुढच्या आणि गोठ्यातल्या बाईची आहे.

राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली, हे योग्यच झाले. पण बाईने बियाणे जपल्यावर तिचा सत्कार करणे वेगळे आणि वाण निवडतानाच तिला विचारणे वेगळे. दुसरे अधिक निकडीचे आहे.

यात आपलाही वाटा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत आपण सासर-माहेर शोधतो. जात्यात पडणाऱ्या दाण्याविषयीचे तिचे ज्ञान आपल्या अभ्यासक्रमात कुठे आहे?