फिरते घर कोणाचे?

चाकांवरचे घर घेऊन माळरानांतून हिंडावे, वाटेल तेथे मुक्काम करावा, हा छंद आता मुंबईकरांसही जडू लागला आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने त्यासाठी कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरणही आखले. या छंदाशी आमचे वैर नाही. परंतु ही चाल आपल्या देशी अगदी नवी, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात, तेव्हा आम्हांस नवल वाटते.

महाराष्ट्रात वाळवंट नसले, तरी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला म्हसवड-दहिवडीकडील माणदेश त्याचा धाकटा भाऊच होय. तेथला धनगर दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणात उतरतो व पावसाळ्याच्या तोंडी परततो. त्याच्या मेंढ्या शेतात बसल्या की शेतास खत मिळते. पिढ्यान्‌पिढ्या फिरणारे हे घर कोणत्या धोरणात बसते? हौशी प्रवाशाच्या तळास पाणी, वीज, रस्ता हवा. धनगराच्या वाड्यास मात्र विहिरीवरून हाकलावे, हा कोणता न्याय?

भायखळ्यात राहणाऱ्या आम्हांस तरी हे विसरून चालणार नाही. येथील खटाव मिलसारख्या गिरण्या एके काळी घाटावरून आलेल्या माणसांच्या घामावर चालल्या. त्यांच्या मुलखात आता आपण मौजेने जाणार असू, तर आमचे मागणे एवढेच : वाटेवरच्या प्रत्येक तळावर नळ, सावली आणि शौचकूप सर्वांस खुले असावेत, मेंढरांसाठी हौदही असावा. मोटारवाल्यापुरताच जो थांबा, तो सार्वजनिक म्हणवू नये.