तोंडओळखीची कमाई

‘फ्रीलान्सिंग करते’ म्हटलं की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, ‘म्हणजे घरीच असतेस ना?’ आणि दुसरा, ‘मग जॉब कधी बघणार?’ मी जाहिरातींचा आणि अ‍ॅप्सचा इंग्रजी मजकूर मराठीत आणते. पुण्यात, घरातल्या डायनिंग टेबलवर बसून. आणि हो, हा जॉबच आहे!

मुलांचं नेटवर्किंग ऑफिसखालच्या टपरीवर, रविवारच्या क्रिकेटमध्ये आपोआप होतं. रात्री साडेनऊला तिथे रेंगाळणं आपल्यापैकी किती जणींना जमतं? म्हणून माझी टपरी म्हणजे लिंक्डइन. मे २००३ मध्ये सुरू झालेली ही साइट बहुतेक जण नोकरी बदलायची असली की मगच उघडतात. खरा फंडा वेगळाच आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं, की नव्या संधी जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येतात. कारण सोपं आहे. आपल्या ग्रुपला जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असतंच! पुढे २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांचा अभ्यास आला. नोकरी मिळायला फार जवळच्या नाहीत आणि अगदी नावापुरत्याही नाहीत, अशा मधल्या ओळखी सर्वाधिक उपयोगी पडतात, असं त्यात दिसलं. फ्रीलान्सिंगमध्येही माझा अनुभव तोच. माझा सगळ्यात जुना क्लायंट म्हणजे कॉलेजची एक सीनियर. तेव्हा आम्ही धड बोललोही नव्हतो.

आता कामाचं बोलू.

नावाखालची ओळ : नुसतं ‘फ्रीलान्सर’ लिहून कुणाला काय कळणार? ‘जाहिराती आणि अ‍ॅप्ससाठी इंग्रजी-मराठी भाषांतर’ असं थेट लिहा. क्लायंट सर्चमध्ये कामाचं नाव टाकतो, आपलं नाही.

शिफारस : काम संपलं, क्लायंट खूश आहे, त्याच दिवशी मागा. ‘दोन ओळी लिहाल का, विशेषतः डेडलाइनबद्दल?’ असं नेमकं मागितलं की लोक नेमकं लिहितात.

इनबॉक्स : ‘हाय डिअर’, ‘नाइस पिक’ इथेही येतंच. माझं उत्तर ठरलेलं : ‘कामाबद्दल असेल तर ईमेल करा.’ तरी थांबला नाही तर ब्लॉक आणि रिपोर्ट. मोबाइल नंबर प्रोफाइलवर नको. पहिली मीटिंग व्हिडीओ कॉलवर किंवा दिवसाढवळ्या कॅफेत.

रेट : ‘तू घरूनच करतेस ना, मग थोडं कमी कर की!’ हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल. मी हसून सांगते, ‘शब्द तेवढेच आहेत, सर.’ रेट कमी करायचाच असेल, तर कामही तेवढंच कमी करायचं.

पैसे : इथे बहुतेक जणी गप्प बसतात. गप्प बसू नका! सरकारच्या पोर्टलवर ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते, तीही काम देण्याआधीच करून ठेवा. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. एका एजन्सीने माझं बिल तीन महिने ‘प्रोसेसमध्ये’ ठेवलं होतं. उद्यम नंबर आणि या कायद्याचा उल्लेख करून एक शांत मेल पाठवला. न रडता, न भांडता. आठवड्यात पैसे जमा!

तुम्ही सध्या नोकरीत असाल आणि शनिवार-रविवार फ्रीलान्सिंगचा विचार असेल, तर आधी अपॉइंटमेंट लेटर नीट वाचा. बऱ्याच कंपन्यांना बाहेरचं काम चालत नाही.

बाकी सुरुवात सोपी आहे. दोन वर्षांत जिच्याशी बोलला नाहीत अशी एक जुनी कलीग शोधा आणि आजच चार ओळींचा मेसेज टाका. काम मागू नका. ती कशी आहे विचारा आणि तुम्ही हल्ली काय करता, एवढंच सांगा. कुणाला तरी भाषांतर, डिझाइन किंवा अकाउंट्स करून हवे असतील, तेव्हा तिला तुमचं नाव आठवलं पाहिजे. बस्स!